पलंग जमिनीत पुरायचा नसतो

घरात नवे फर्निचर करून घ्यायचे ठरले की सुताराशी पहिले बोलणे सागावरून होते. साग परवडत असेल तर विषय तिथेच मिटतो. परवडत नसेल तर ‘मग प्लायवूडच लावून टाका’ असा निकाल लागतो. या दोन टोकांच्या मध्ये रबरवूड, फणस, आंबा, बाभूळ, आकेशिया अशी बरीच लाकडे आहेत, पण ‘हलके आहे’, ‘कीड लागते’, ‘चार वर्षांत वाट लागेल’ असे शेरे मारून ती आधीच बाद केलेली असतात. यातला प्रत्येक शेरा कुठल्या ना कुठल्या अनुभवातून आला आहे, त्यामुळे तो निव्वळ खोटा नाही. फक्त तो अनुभव बहुधा उघड्यावरच्या, ओल्या किंवा प्रक्रिया न केलेल्या लाकडाचा असतो. चार भिंतींच्या आत, पंख्याखाली उभ्या राहणाऱ्या वस्तूचे आयुष्य झाडाच्या नावापेक्षा तीन गोष्टींवर जास्त अवलंबून असते: लाकूड किती सुकले आहे, त्यावर किडीविरुद्ध प्रक्रिया झाली आहे का, आणि जोडकाम करताना लाकडाच्या हालचालीला जागा ठेवली आहे का.

सागाची कीर्ती पोकळ नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी लढाऊ जहाज 1817 साली पाण्यात उतरले, आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते आजही तरंगत्या अवस्थेत जपलेले आहे. सागाच्या गाभ्यातली तेलकट द्रव्ये बुरशी आणि वाळवी या दोघींनाही दूर ठेवतात, आणि हवेतला ओलावा बदलला तरी साग इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी फुगतो, कमी आकसतो. जहाज, खिडकी, झोपाळा, अंगणातला बाक यांना हे गुण हवेतच. पण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीत पलंगावर ना लाटा आदळतात ना पाऊस पडतो. जे संकट येणारच नाही त्याचा विमा आपण घनफुटाच्या भावात भरत असतो.

लाकडाच्या ‘टिकाऊपणा’चे आकडे कुठून येतात हे पाहिले की मुद्दा आणखी उलगडतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत वर्षानुवर्षे चालत आलेली चाचणी अशी: वेगवेगळ्या जातींचे खुंटे उघड्या जमिनीत अर्धवट पुरायचे आणि ते कधी कुजतात, वाळवी कधी खाते, याची नोंद ठेवायची. सरासरी 120 महिन्यांहून अधिक टिकला तर पहिला वर्ग, 60 ते 120 महिने टिकला तर दुसरा, त्याहून कमी असेल तर तिसरा. भारतीय मानकांमध्ये हीच वर्गवारी आहे. सागाचा गाभा पहिल्या वर्गात बसतो आणि आंबा तिसऱ्या. एवढ्यावरून ‘आंबा म्हणजे पाच वर्षांचे लाकूड’ असे ठरवणे म्हणजे मातीत पुरलेल्या खुंट्याचे वय पलंगाला चिकटवणे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण 20 टक्क्यांवर ओलावा लागतो. नीट सुकवलेले लाकूड घरात त्याच्या बरेच खाली राहते, त्यामुळे कुजण्याची सुरुवातच होत नाही. वाळवीचा धोका मात्र खरा आहे. पण ती जमिनीतून, भिंतीतल्या भेगांतून वर येते आणि सागाच्या कडेचा पांढरा भागही आनंदाने खाते. तिचा बंदोबस्त जमिनीत आणि भिंतीत करावा लागतो, महाग लाकडाने तो होत नाही.

‘जड ते मजबूत’ हाही असाच एक समज. ओले लाकूड जड लागते ते आतल्या पाण्यामुळे, आणि वखारीत हाताने उचलून बघणारा गिऱ्हाईक पुष्कळदा पाण्याचेच वजन तोलत असतो. खुद्द साग हे मध्यम वजनाचे, मध्यम कठीण लाकूड आहे. सुकलेल्या सागाचा घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरतो. सुकलेले रबरवूड त्याच्या आसपासच असते, कठीणपणातही फार मागे नाही. बाभूळ दोघांपेक्षा जड आणि धक्का सोसण्यात सागाला मागे टाकणारी. बैलगाडीची चाके आणि अवजारांचे दांडे तिचे करत ते उगीच नाही. उलट ऐनासारखे जड लाकूड सुकताना तडकते, पिळते, आणि ऋतू बदलला की त्याची हालचालही जास्त होते. वासे आणि तुळयांना ते उत्तम, कपाटाच्या दारांना नको. ‘हार्डवूड’ या पाटीवरही भिस्त ठेवू नये. तो रुंदपानी झाडांचा वनस्पतिशास्त्रीय वर्ग आहे, आणि खेळण्यातली विमाने करायचे पिसासारखे बाल्सा लाकूडही त्यातच मोडते.

सगळ्यात पक्का बसलेला आक्षेप किडीचा, आणि तो रबरवूडच्या माथी सर्वाधिक मारला जातो. तो समजून घेण्यासारखा आहे. रबराचे झाड 25 ते 30 वर्षे चीक देते, मग तोडून नवे लावतात. केरळातून येणारे हे लाकूड त्यामुळे मुळात जोडउत्पादन आहे, म्हणून स्वस्त आहे. त्यात पिष्ट भरपूर असते आणि ते पिष्ट एका बारीक भुंगेऱ्याच्या अळ्यांचे खाद्य आहे. ओंडका कापून तसाच पडू दिला तर काही दिवसांत निळसर काळी बुरशी चढते. पुढे पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसू लागतात आणि खाली फरशीवर मैद्यासारखी मऊ पूड साचते. पूर्वी हे लाकूड सरपणात जाई ते याच कारणाने. उपाय सापडल्यावर त्याचे फर्निचर जगभर जाऊ लागले. उपाय साधा आहे: कापल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात दाबाखाली मुरवायचे आणि लगेच भट्टीत सुकवायचे. ही क्षारे पावसात धुऊन जातात, म्हणून असे लाकूड गच्चीवर ठेवू नये. घरात ती जिथल्या तिथे राहतात. प्रक्रिया खरोखर झाली आहे का हे तपासायची प्रयोगशाळेतली रीत तर आपल्या ओळखीची निघते: स्पिरिटमधला हळदीचा अर्क कापलेल्या टोकाला लावायचा आणि वरून आम्लाचे द्रावण. बोरॉन असेल तर पिवळा रंग लाल होतो, नसेल तर पिवळाच राहतो. फळीच्या कडेपुरता लाल आणि मध्ये पिवळा दिसला तर माल वरवर बुडवलेला आहे. मोठी खरेदी असेल तर पुरवठादाराकडे ही तपासणी मागायला काहीच हरकत नाही. आंब्याचेही असेच आहे. उघड्यावर तो तिसऱ्या वर्गाचा, पण औषध सहज शोषतो. सागाच्या गाभ्यात औषध शिरतच नाही, आणि त्याला त्याची गरजही नसते.

रबरवूडच्या तयार फळ्या लहान लहान तुकडे दातेरी जोडांनी चिकटवून केलेल्या असतात. ते पाहून ‘तुकड्यांचे काम, कधीतरी उखडणार’ असे वाटते. झाडाचे खोड फार जाड नसते आणि चीक काढताना सालीवर घाव पडलेले असतात, म्हणून लांब निर्दोष पट्ट्या कमी निघतात. चांगल्या सरसाचा जोड मात्र लाकडाइतकाच पक्का असतो, आणि पट्ट्यांचे रेषे उलटसुलट बसवल्यामुळे अशी फळी अखंड रुंद फळीपेक्षा कमी बाकते. सरस पाण्याला टिकणारा आहे ना, एवढे विचारून घ्यावे.

आता ‘सागच’ म्हणणाऱ्यांच्या हाती नेमके काय पडते ते पाहू. बल्लारशाच्या आगारातला जुना चंद्रपुरी साग आणि विषुववृत्ताजवळच्या देशांतून कंटेनरने येणारा वीसेक वर्षांच्या लागवडीचा बारीक साग, दोन्ही सागच. पण कोवळ्या ओंडक्यात गाभा कमी आणि कडेचा पांढरा भाग जास्त. सागाचे सगळे नावाजलेले गुण गाभ्यात आहेत. पांढऱ्या भागाला कीडही लागते आणि वाळवीही. त्यावर गडद पॉलिश चढले की डोळ्यांना फरक कळत नाही. ‘बर्मा टीक’ची कथा वेगळीच. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे, तरी ‘ताजा बर्मा ओंडका’ विकणारे भेटतातच. ‘आफ्रिकन टीक’ नावाने येणारा माल कधी आफ्रिकेत लावलेला खरा साग असतो, तर कधी इरोकोसारखे वेगळ्याच जातीचे लाकूड. ते वाईट असते असे नाही, पण भाव सागाचा देऊ नये. स्वस्तातला साग म्हणून जे मिळते त्यापेक्षा प्रक्रिया केलेले रबरवूड किंवा जुना पिकलेला फणस अनेकदा सरस ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिघडलेल्या फर्निचरच्या तक्रारी ऐकल्या तर दार घासते, फळीला चीर गेली, ड्रॉवर अडकतो, याच जास्त असतात. या सगळ्याच्या मुळाशी ओलावा आहे. लाकूड हवेशी ओलाव्याची देवाणघेवाण सतत करत असते. मुंबईच्या जुलैत ते घेते, नागपूरच्या मेमध्ये देते. म्हणूनच भारतीय मानकांत देशाचे हवेच्या दमटपणाप्रमाणे चार विभाग पाडले आहेत आणि फर्निचरच्या लाकडातला कमाल ओलावा विभागागणिक साधारण 10 ते 15 टक्के ठरवला आहे. एक हिशेब करून पाहा. ओल्या स्थितीतून पूर्ण कोरडी होईपर्यंत सागाची फळी रुंदीला सुमारे 5 टक्के आकसते. ही आकसण ओलावा 30 टक्क्यांखाली उतरल्यावर सुरू होते, म्हणजे दर 6 टक्के ओलाव्यामागे साधारण 1 टक्का. तीन फूट रुंदीच्या टेबलाच्या फळीला ओलाव्यात 6 टक्क्यांचा फरक पडला की ती जवळजवळ 9 मिलिमीटरने कमीजास्त होते, आणि हे झाले सागाचे. ती फळी चौकटीला चारी बाजूंनी स्क्रूने जखडली तर साग असला तरी तडकणार. लांबट भोके पाडून स्क्रूला सरकायला वाव ठेवला तर रबरवूडही शाबूत राहील. लाकूड सुकले की नाही याला ‘सीझनिंग केलेले आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसे नाही. ओलावा मोजायचे छोटे यंत्र बऱ्याच ठेकेदारांकडे असते. नसेल तर त्याच मालातला एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यागणिक तोलावा. वजन उतरत असेल तर लाकूड अजून सुकते आहे, आणि काम सुरू करायची वेळ झालेली नाही.

जवळपास मिळणाऱ्या लाकडांपैकी फणसाकडे लोकांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पिवळाधमक गाभा पुढे तांबूस होतो, कामाला नरम आहे, वाळवीलाही बऱ्यापैकी दाद देत नाही. मृदंगाचे खोड फणसाचे असते हे कोकणात वेगळे सांगायला नको. कोकण-गोव्यात जांभ्या जमिनीवर आणि खाणींच्या डंपांवर लावलेली आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ, कठीण आणि देखण्या रंगाची असते. खोडे वाकडी आणि गाठी पुष्कळ, त्यामुळे खुर्च्या, पाय आणि चौकटींना ती शोभते, रुंद फळ्यांना नाही. आपल्या शेतातला आंबा किंवा फणस आहे म्हणून कुऱ्हाड घालता येईल असे मात्र नाही. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत सागाबरोबर हे दोन्ही आहेत, तेव्हा आधी परवानगी हवी.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे: सुताराची मजुरी आणि पॉलिश तेवढेच पडते, मग लाकडातच काटकसर का? त्याचे उत्तर वस्तूवर अवलंबून आहे. पाच बाय तीन फुटांची, इंचभर जाडीची टेबलाची फळी सव्वा घनफूट, तीन इंची चार पाय आणि भोवतालच्या पट्ट्या मिळून आणखी एक. घट धरून साडेतीन घनफुटांत काम होते. इथे दर घनफुटाला हजार रुपये जास्त मोजले तरी फरक साडेतीन हजारांचा, आणि ज्याला साग आवडतो त्याने खुशाल घ्यावा. भिंतभर कपाट आणि साठवणीचा पलंग यांत बारा-पंधरा घनफूट सहज जाते, आणि चांगल्या सागाच्या भावातला फरक हजारावर थांबत नाही. तिथे चौकटी आणि दारे रबरवूडची किंवा फणसाची, आणि आतल्या रुंद फळ्या बिनदिक्कत प्लायवूडच्या कराव्यात, कारण रुंदीला न हलण्यात प्लायवूड कुठल्याही अखंड लाकडापेक्षा वरचढ आहे. साग राखून ठेवावा तो सिंकखालच्या चौकटीला, न्हाणीघराच्या दाराला आणि पाऊस आत येणाऱ्या खिडकीला, आणि तोही गाभ्याचा.