अंदमानची पक्षियात्रा : काही पूर्वतयारी

भिलाईच्या आसपासच्या जलाशयांवर ज्याने चार हिवाळे पक्षी पाहिले आहेत, त्याला अंदमानात प्रथम जाणवते ती जातींची उणीव. मुख्य भूमी आणि ही बेटे यांमध्ये शेकडो किलोमीटरांचा समुद्र आहे आणि तो ओलांडणे अरण्यवासी पक्ष्यांना सहसा साधत नाही. मात्र जे कधीकाळी पोहोचले, त्यांचे वंश तेथे एकाकी राहून निराळे होत गेले. आपला भारद्वाज काळा व तांबूस पंखांचा; अंदमानचा अंगाने पिंगट असतो. तेथील काळा सुतारपक्षीही अन्यत्र कोठे आढळत नाही. तेव्हा जाती किती पाहिल्या हे मोजण्यापेक्षा, जे दुसरीकडे दिसणारच नाहीत असे पक्षी आधी हेरून ठेवावेत. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलअली यांनी १९६० नंतरच्या दशकात या बेटांवरील पक्ष्यांचा तपशीलवार आढावा प्रसिद्ध केला, तो या कामी आजही उपयोगी आहे.

जानेवारी ते मार्च हे महिने कोरडे. स्थलांतरित पक्षीही तेव्हा असतात. घड्याळाचा एक घोटाळा मात्र ध्यानी घ्यावा. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) भिलाईच्या पूर्वेस सुमारे ११ रेखांश आहे, परंतु प्रमाणवेळ एकच! त्यामुळे हिवाळ्यात तेथे पाऊण तासाहूनही आधी उजाडते. सहाचा गजर लावणाऱ्याच्या हातून पक्ष्यांची पहिली घटका निसटते.

चिडिया टापू हे नावाने बेट असले तरी वस्तुतः दक्षिण अंदमानचे टोक आहे. तेथील अरण्यात दिवस मावळेपर्यंत थांबावे, म्हणजे घुबडांचे आवाज कानी पडतात.

नारकोंडमविषयी थोडे अधिक सांगणे अगत्याचे आहे. सुमारे सात चौरस किलोमीटरांच्या या ज्वालामुखी बेटावरच नारकोंडम धनेशाची जगातील सारी वस्ती आहे. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. म्हणजे या पक्ष्याला फळझाडे हवीत, तशीच ढोली पडण्याइतकी जुनी झाडेही. पोलीस चौकीसाठी नेलेल्या शेळ्यांनी एकेकाळी तेथील कोवळी रोपे फस्त केली. पुढे त्या शेळ्या हलवाव्या लागल्या. परवान्याविना तेथे जाता येत नाही, आणि हौशी प्रवाशाने तो मागूही नये असे आमचे मत आहे.

त्याऐवजी एक सकाळ सिप्पीघाटासाठी राखावी. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची भूमी खचली, भातखाचरांत समुद्र शिरला, आणि शेतकऱ्यांच्या त्या बुडालेल्या बांधांभोवती आता बदके व पाणपक्षी चरतात.