आतड्याचे जुने दुखणे आणि चुंबकाची तपासणी

कडा परिसरात कांदा कुणाला नवा नाही. वरून टणक, कोरडा दिसणारा कांदा चिरला, की कधी कधी मधला पापुद्रा नासलेला निघतो. आतड्याच्या जुनाट दाहाचे तसेच आहे. पोट दुखते, महिनोन् महिने जुलाब होतात, वजन उतरते, अंगात कणकण राहते. पण नुसते पोट दाबून रोगाचा थांग लागत नाही. ‘काही बाधले असेल’ म्हणून घरची मंडळी गोळ्यांवर दिवस काढतात आणि आतडे आतून आकसत जाते.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन. एकात मोठ्या आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात. दुसरा क्रोन्स, तो पुष्कळदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असतो. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या टोकापर्यंतच पोहोचते. त्यापुढचे आतडे पाहण्यास एम.आर.आय. उपयोगी पडतो. सुजलेल्या भिंतीत पाणी साठते आणि हे यंत्र पाण्यातल्या हायड्रोजनचाच माग काढते. भिंत कुठे जाडावली, आतडे कुठे अरुंद झाले, भगंदराची वाट कुठवर गेली, हे चित्रात दिसते. यात क्ष-किरण नसतात. म्हणून तरुण रोग्याची तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

आतड्यासाठीच्या तपासणीला ‘एम.आर. एन्टरोग्राफी’ म्हणतात. अहिल्यानगरला किंवा पुण्याला जाण्याआधी ती तिथे होते का, हे फोनवर विचारा. साधारण ४ ते ६ तास उपाशी राहावे लागते. मग आतडे फुगावे म्हणून एक ते दीड लिटर औषधी पाणी सावकाश पाजतात. त्याने नंतर जुलाब होतात, घाबरू नये. पेसमेकर, शरीरातील धातू, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण हे आधीच सांगा. सोबत्यांनीही लोखंडी वस्तू आत नेऊ नये. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन दगावला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही पुष्कळदा असाच दिसतो. नुसत्या चित्रावरून निवाडा होतोच असे नाही. दुर्बिणीने तुकडा काढून तपासावा लागतो. क्रोन्सवर स्टेरॉइड देतात, पण दुखणे क्षयाचे असेल तर त्यानेच क्षय बळावतो. म्हणून दुकानातून परस्पर औषध आणू नका. ‘हा क्षय तर नाही ना?’ हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. क्षय निघाला, तर सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते.