‘लाइन’ : एका परभाषीय शब्दाचा पेण-रोहे परिसरातील अर्थव्यवहार

परभाषेतील शब्द मराठीत रुळला, तरी मूळ अर्थांचे सारे बिऱ्हाड त्याच्यासोबत येतेच असे नाही. ‘लाइन’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. इंग्रजीत त्याचे अर्थकेंद्र आखलेली रेघ हे होय. नेमके हे केंद्रच मराठीने फारसे स्वीकारले नाही. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळे रेखण्याच्या कौशल्याला ‘आखणी’ हेच नाव आहे. मात्र धंद्याविषयी बोलताना ‘या लाइनीत’ असा प्रयोग सहज होतो. रेघ आणि ओळ घरच्याच असल्याने पाहुण्या शब्दाला तेथे जागा नव्हती. लिंग मात्र त्याने त्यांचेच घेतले: रेघ, ओळ, रांग यांप्रमाणे ‘लाइन’ही स्त्रीलिंगी झाली आणि ‘लाइनी’, ‘लाइनीत’ अशी चालू लागली.

तिला खरी जागा मिळाली ती नव्या व्यवस्थांत. कोकण रेल्वेचा प्रारंभ रोह्यापासून होतो. तिचे महामंडळ 1990 साली स्थापन झाले आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचे पाणी नळांतून नवी मुंबईकडे जाते. रोहे तालुक्यातील नागोठण्यात पेट्रोरसायनांचा मोठा कारखाना आहे. उच्चदाबाच्या तारा आहेतच. अशा मुलखात ‘शेतातून लाइन गेली’ या वाक्याचे निदान तीन अर्थ संभवतात. शासकीय मराठीने त्यांसाठी लोहमार्ग, वीजवाहिनी, जलवाहिनी असे निरनिराळे शब्द योजले. बोलीने नाम एकच ठेवून अर्थभेदाचे ओझे क्रियापदावर टाकले. तारेची लाइन ‘ओढली’ जाते, नळाची ‘पुरली’ जाते वा ‘फुटते’. माणसांची लाइन ‘लागते’, धंद्याची ‘सोडली’ जाते; आणि ‘मारली’ जाणारी लाइन कोणती, हे तरुणांना सांगावे लागत नाही!

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. लोहमार्गासाठी जमीन संपादित होते, म्हणजे मालकीच जाते. तारांखालील जमीन सामान्यतः शेतकऱ्याच्या नावावर राहते. पेट्रोलियम वा वायूच्या नळासाठी 1962 च्या केंद्रीय कायद्यान्वये केवळ वापराचा हक्क घेतला जातो: शेती करता येते, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. आंब्याचे कलम लावू पाहणाऱ्याला ‘लाइन गेली’ एवढे ऐकून भागत नाही. ती ओढली की पुरली, हे विचारावेच लागते. मराठी कोशांत या शब्दापुढे ‘रेषा, रांग, मार्ग’ असे पर्याय देऊन थांबणे म्हणूनच अपुरे ठरते. अर्थ ज्या क्रियापदांनी निश्चित होतो, त्यांचीही नोंद तेथे हवी.