हप्त्याहप्त्याने शिकणारे घुबड

घुबड म्हटले की आपल्याकडे अपशकुनाचीच आठवण होते. जुन्या वाड्यांच्या आडोशाला राहणारे गव्हाणी घुबड मात्र मेंदूशास्त्रात मोठ्या मानाचे धनी आहे. मिट्ट काळोखातही ते केवळ आवाजाच्या आधारे अचूक झेप घेते.

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानी किंचित आधी पोहोचतो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असलेल्या या फरकावरून घुबड डावे-उजवे ओळखते. दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीत नसल्याने आवाजाच्या कमी-अधिक जोरावरून त्याला वर-खालीही कळते. या दिशांचा जणू नकाशाच त्याच्या मेंदूत असतो, हे मासाकाझु कोनिशी आणि एरिक क्नूडसेन यांनी 1978 मध्ये अमेरिकेत दाखवून दिले.

पण कोणता फरक म्हणजे कोणती दिशा, हे मेंदू ठरवतो कसे? पिल्लाचे डोके वाढते, तसे कानांतील अंतरही बदलते. म्हणजे हिशेबाचा ताळा पुन्हा पुन्हा घेणे आले. तो कशाशी घेतला जातो, हे शोधण्यासाठी क्नूडसेन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात घुबडांना लोलकाचे चष्मे बसवले. त्यांतून सारे दृश्य 23 अंश बाजूला सरकलेले दिसे. घुबडाचे डोळे खोबणीत जवळजवळ स्थिर असल्याने मान कितीही वळवली तरी हा फरक टळत नसे.

कान तर पूर्ववतच होते. तरीही काही आठवड्यांत पिल्लांचा ध्वनिनकाशा सरकून चुकीच्या दृश्याशी जुळला. कीर्द बरोबर असूनही खतावणीप्रमाणे तीच बदलावी, तसा हा प्रकार! चष्मा काढल्यावर नकाशा हळूहळू मूळपदावर आला.

प्रौढ घुबडांमध्ये मात्र असा बदल फारच थोडा आढळला. त्यामुळे शिकण्याचे दार वयाबरोबर बंद होते, असे मानले गेले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने या समजाला धक्का दिला. प्रौढ घुबडांना एकदम 23 अंशांचा चष्मा न देता आधी 6, मग 11, पुढे 17 आणि शेवटी 23 अंशांचा दिला. आता त्यांचा नकाशा पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सरकला. एवढेच नव्हे, तर काही महिन्यांनी एकदम मोठा फरक दिल्यावरही ती घुबडे तो पेलू शकली. 2005 च्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. आयते अन्न मिळणाऱ्या प्रौढ घुबडांपेक्षा स्वतः शिकार करणाऱ्यांचा मेंदू अधिक बदलला.

घुबडाचा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. परंतु घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती नवा मोबाइल किंवा श्रवणयंत्र देऊन दोन दिवसांत ‘यांना आता जमणार नाही’ असा निवाडा देण्यापूर्वी या पक्ष्याचे स्मरण व्हावे. जे एकरकमी पेलत नाही, ते हप्त्यांनी फिटू शकते. मात्र प्रत्येक हप्ता ज्याचा त्यानेच भरायचा असतो.