काचेतला समुद्र आणि खानदेशचा उन्हाळा

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले, तेव्हा खारे पाणी रस्त्यापलीकडेच होते. समुद्रकाठच्या माणसाला समुद्र काचेत भरून ठेवण्याची हौस आली तर ते समजण्यासारखे आहे. पण आमच्या नंदुरबारात ही हौस म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यासारखीच! आमच्याकडे सातपुडा आहे, मिरचीचे लालभडक ढीग आहेत, सारंगखेड्याच्या यात्रेतले उमदे घोडे आहेत. समुद्र तेवढा नाही. आमची तापी सारंगखेडा, प्रकाशा ही गावे ओलांडून पुढे सुरतेपलीकडे समुद्राला मिळते खरी. पण आमचे गोडे पाणी तिकडे जाते, तिकडचे खारे पाणी काही इकडे येत नाही. शिवाय ही तापी पुराणांतरी सूर्याची कन्या म्हणून प्रसिद्ध. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे सरकला, की सूर्यदेव लेकीकडे मुक्कामाला आले आहेत असे समजून आम्ही गप्प बसतो.

अशा गावी मी गेली काही वर्षे १०० लिटर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी सांभाळतो आहे. व्यवसायाने मी मराठीचा अध्यापक. त्यामुळे घरी येणारा पाहुणा आधी टाकीकडे पाहतो, मग माझ्या पुस्तकांकडे पाहतो आणि शेवटी माझ्याकडे संशयाने पाहतो. ‘मासे पाळणे अवघड आहे का हो?’ हा प्रश्न ठरलेला. माझे उत्तरही ठरलेले: मासे पाळणे मुळीच अवघड नाही; पाळावे लागते ते पाणी.

आधी ते पाणी करावे कसे ते सांगतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरला साडेतीन किलो. हे स्वयंपाकाचे मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी ठरावीक प्रमाणात लागतात, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार क्षारमिश्रणच घ्यावे. पाणी मात्र शुद्ध हवे. शेतीच्या भागातल्या विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यात खतांतून झिरपलेले नायट्रेट असू शकते, आणि ते टाकीत गेले की शेवाळाचे पीक जोमाने येते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. म्हणून मी घरातल्या आरओ यंत्राचे पाणी वापरतो.

पाणी तयार झाले म्हणून लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. एक जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. पहिली दोन विषे, तिसरे त्या मानाने सौम्य. ते अधूनमधून थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. या जिवाणूंची वसाहत सच्छिद्र दगडांवर आणि गाळणीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी यातली एक खोच मला समजावून दिली. गोड्या पाण्याचा सामू ७ च्या आसपास असला, तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्राचा सामू ८ च्या वर. तेथे हाच वाटा पाच टक्क्यांच्याही पुढे जातो. म्हणजे गोड्या पाण्यात पचून जाणारी घाण खाऱ्या पाण्यात दसपट जाचते. आणि पाणी तापले की हा वाटा आणखी वाढतो.

येथे आपण उन्हाळ्यापाशी येऊन ठेपलो. प्रवाळांच्या टाकीला २४ ते २७ अंश सेल्सिअस एवढे तपमान मानवते. आमच्या घरात मे महिन्यात दुपारी नुसत्या हवेचे तपमान ३८ अंशांवर जाते. तापलेले पाणी दुहेरी घात करते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो सव्वासहाच्या आत येतो. इकडे माशाचे शरीर तापते, त्याचा श्वास वाढतो, त्याला प्राणवायू अधिक लागतो; आणि तिकडे पाणी हात आखडते घेते. उत्पन्न घटावे आणि त्याच महिन्यात घरी पाहुणे वाढावेत, तशातली ही गत.

परदेशात यावर शीतयंत्र बसवतात. अध्यापकाच्या पगारात न बसणारी ती वस्तू आहे. पण आपल्या घरातल्या माठाने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती उरलेल्या पाण्यातून घेतली जाते. १०० लिटरच्या टाकीतून एक लिटर पाणी उडाले, तर हिशेबाने सारी टाकी पाच-सहा अंशांनी निवायला हवी. प्रत्यक्षात खोलीची उष्णता पुन्हा पाण्यात शिरत असते, म्हणून इतके पदरात पडत नाही. पण टाकीचे झाकण काढून पाण्यावर पंखा सोडला, की दोन-तीन अंशांचा उतार सहज मिळतो. टाकी उत्तरेकडच्या खोलीत ठेवणे, दारांना वाळ्याचे पडदे लावणे, खोलीत पाण्याचा कूलर चालवणे आणि दुपारी दिवे मालवणे, हे त्याच्या जोडीचे उपाय.

‘सर, तुमची टाकी म्हणजे काचेचा माठच की!’ असे ते रसायनशास्त्रवाले म्हणाले, ते खरेच आहे. आणि गंमत अशी, की या बाबतीत कोकणापेक्षा खानदेश भाग्यवान. कोकणातली हवा ओलसर. तेथे पाणी उडायला नाखूश असते. आमची वैशाखातली हवा इतकी कोरडी, की पाणी कधी उडाले हे कळतही नाही. ज्या उन्हाने दुखणे आणले, त्यानेच औषधही आणून दिले. आमच्या घरी मात्र या औषधाचे स्वागत ‘अहो, माशांना पंखा आणि आम्हांला उकाडा, हा कुठला न्याय?’ या शब्दांत झाले. तेव्हापासून खोलीत दोन पंखे आहेत.

पण औषधालाही पथ्य असते. उडते ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात पंख्याखाली माझ्या टाकीतून दिवसाला तीनेक लिटर पाणी उडते. चार दिवस कोणी पाहिले नाही, तर १०० लिटरचे ८८ लिटर होतात आणि लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारटपणा जवळजवळ ४० वर जातो. म्हणून रोज सकाळी टाकीच्या काचेवर काढलेल्या रेघेपर्यंत पाणी भरायचे. आणि ते गोडे, खारे नव्हे. खारे घातले तर खारटपणा वाढतच जाईल. वीज गेली तर पंखा आणि पाणी खेळवणारा पंप एकदमच थांबतात. अशा वेळी बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप हाताशी असावा. तोही नसेल तर तांब्याने टाकीतलेच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. तेवढ्यानेही प्राणवायू मिसळतो. एक उष्णतामापक आणि एक वही, एवढी साधने ज्याला नियमाने वापरता येतात, त्याचे बहुतेक काम झाले. तपमान २७ आहे की २८, यापेक्षाही ते सकाळ-संध्याकाळ सारखे राहते की झोके घेते, हे पाहणे महत्त्वाचे. समुद्रात राहणाऱ्या जिवांना झोक्यांची सवय नसते. समुद्र अवाढव्य आहे. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो. त्याचे ते आकारमान आपल्याला आणता येत नाही, म्हणून त्याच्या संथपणाची नक्कल करायची.

आता तुम्ही विचाराल, की या टाकीत प्रवाळ कोठे आहेत? नाहीत, आणि आणणारही नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ सालापासून खडक बांधणारे प्रवाळ आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान वाघाच्या पंक्तीला. ते समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. माझ्या टाकीत सिरॅमिकचे सच्छिद्र दगड आहेत आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची एक जोडी आहे. या माशांची पैदास आता टाक्यांतही होते. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने ती साधली आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा टाकीत जन्मलेला मासा घेतलेला केव्हाही बरा.

टाकीत नसले, तरी प्रवाळ माझ्या मनातून गेलेले नाहीत. याला आमचा विषयही थोडा कारण आहे. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे पोवळे, आणि ‘प्रवाल’ म्हणजे कोवळा कोंबही. अंगठीतले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येणारे; ते खडक बांधत नाही. परंतु खडक बांधणाऱ्या प्रवाळालाही हे कोंबाचे नाव शोभते. तो प्राणी खरा. पण त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हात अन्न तयार करते, त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देते आणि त्याला रंगही देते. प्राणी आणि वनस्पती यांचा हा एकत्र संसार आहे.

हा संसार उष्णतेने मोडतो. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा समुद्र अवघा एक अंश अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. नाही निवले तर प्रवाळ उपाशी मरतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली ही आपत्ती आली, आणि २०२४ सालीही आली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी ही जगभर पसरलेली चौथी लाट असल्याचे जाहीर केले.

लक्षद्वीप दूरचे वाटेल. पण महाराष्ट्राच्या दारातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात ते आहेत. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर असून त्यावरही प्रवाळ वाढतात. महाराजांच्या जलदुर्गाविषयी आपण अभिमानाने बोलतो. त्याच्या तटाखाली हे जे दुसरे बांधकाम कोणी गवंडी नसताना चालले आहे, त्याची गोष्ट मात्र शाळेच्या सहलीत क्वचितच निघते.

एक अंश म्हणजे काय, हे मी वहीतल्या आकड्यांवरून ओळखतो. माझ्या टाकीत एक अंश चढला तर पंखा जोरात लावायचा, दिवा मालवायचा आणि तासाभराने पुन्हा पाहायचे. मालवणच्या पाण्यावर धरायला पंखा नाही. तेथे समुद्रावरचे इतर ओझे तेवढे कमी करता येते: गावाचे सांडपाणी आणि किनाऱ्यावरचा कचरा त्यात न सोडणे, होडीचा नांगर प्रवाळांवर न टाकणे. पाणी स्वच्छ असले तर तापातून उठण्याची आशा अधिक. माणसाचे काय आणि प्रवाळाचे काय, हा नियम सारखाच.

या दिवाळीच्या सुटीत वाचकांपैकी कित्येक जण मालवणला जातील. पाण्यात बुडी मारून तळ पाहण्याची सोय तेथे आहे, जरूर पाहावा. त्यावर पाय मात्र देऊ नये, आणि आठवण म्हणून एखादा तुकडाही उचलू नये. ज्यांना घरी टाकी ठेवायची असेल त्यांनी खुशाल ठेवावी. पण सुरुवात होळीनंतर न करता आत्ता, थंडीच्या तोंडावर करावी. जिवाणूंना सहा आठवडे मिळतील, आपल्याला वही लिहायची सवय लागेल, आणि चैत्र उजाडेपर्यंत पाणी पाळणे म्हणजे काय ते दोघांनाही कळलेले असेल.