परिचारिकेची जबाबदारी : शिक्षण, नीती आणि कायदा

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या या जिल्ह्याच्या सात तालुक्यांतील ग्रामीण जनतेचा शासनाच्या आरोग्ययंत्रणेशी पहिला संबंध येतो तो बहुधा डॉक्टरांशी नव्हे, तर उपकेंद्रातील आरोग्य सेविकेशी. गावकरी तिला ‘नर्सबाई’ म्हणून ओळखतात. गरोदर मातेची नोंद तीच करते, बाळाला पहिली लस तीच टोचते, आणि रोवणीच्या दिवसांत बांधीत काम करणाऱ्या मजुराला सर्पदंश झाला तर त्याला धीर देऊन, दंश झालेला अवयव स्थिर करून, वेळ न दवडता प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तीच रवाना करते. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. एवढ्या लोकांचा विश्वास जिच्यावर विसंबून असतो, तिचे शिक्षण कसे होते आणि कायद्याने तिच्यावर कोणती बंधने घातली आहेत, याविषयी शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामीण भागातील अधिकारी यांना माहिती असणे अगत्याचे आहे. बारावी झालेल्या मुलीला तिचे आईवडील पाठवितात ते प्रथम याच मंडळींकडे सल्ला विचारावयास.

पदांची ओळख

पांढरा पोशाख दिसला की ‘सिस्टर’ म्हणण्याची आपली रीत असली, तरी या पोशाखामागे निरनिराळे शिक्षण आणि निरनिराळे अधिकार असतात. गावातील आशा स्वयंसेविका ही परिचारिका नव्हे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना सुरू झाली आणि आशा ही गाव व उपकेंद्र यांच्यातील दुवा आहे. उपकेंद्राची आरोग्य सेविका ही साहाय्यक परिचारिका व प्रसाविका, अर्थात ए.एन.एम., असते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात अखेरच्या सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा समावेश आहे. तो केवळ स्त्रियांसाठी आहे. रुग्णालयाच्या कक्षात काम करणारी अधिपरिचारिका ही सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा परिचर्येची चार वर्षांची पदवी घेतलेली असते. हे शिक्षण पुरुषांनाही खुले आहे. तिच्या वर कक्षाची प्रमुख परिसेविका आणि साऱ्या परिचर्या विभागाची प्रमुख अधिसेविका.

ए.एन.एम. या पदाचे स्वरूप काळानुसार पालटत आले आहे. आरंभी ती प्रामुख्याने माता व बाल आरोग्याचे काम पाहत असे. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी ही कल्पना मांडली. हिवतापासाठी एक कर्मचारी, देवीच्या लसीसाठी दुसरा आणि कुटुंबनियोजनासाठी तिसरा, अशी एकाच घराच्या दारात होणारी गर्दी त्यामुळे थांबावी, असा हेतू होता. त्यानंतर ए.एन.एम.कडे सर्वच रोगांचे प्रतिबंधक काम आले. काम वाढले, अभ्यासक्रमाची मुदत मात्र १९७७ मध्ये दोन वर्षांवरून दीड वर्षावर आली. ती पुन्हा दोन वर्षांची होण्यास पुढे तीन दशकांहून अधिक काळ लागला. नियोजनातील ही विसंगती नमूद करण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाने, रुग्णसेवा हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे असे समाज मानीत असताना, विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देवविले. मुलीला या शिक्षणासाठी पाठवावे की नाही, असा प्रश्न आजही एखाद्या घरात निघतो, तेव्हा या शतकापूर्वीच्या कार्याची आठवण होते.

प्रशिक्षणात काय शिकवितात?

शरीररचना, पोषण, परिसर स्वच्छता, संसर्गजन्य रोग, प्रथमोपचार, बालआरोग्य, प्रसूतिविद्या आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन हे ए.एन.एम. अभ्यासक्रमाचे मुख्य विषय होत. परंतु विषयांच्या यादीवरून या शिक्षणाची खरी कल्पना येत नाही. त्याचा गाभा सवयी लावण्यात आहे. औषध देण्यापूर्वी योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळून पाहावयाच्या, आणि औषध दिल्याबरोबर त्याची नोंद करावयाची, हे विद्यार्थिनीकडून इतक्या वेळा करवून घेतले जाते, की पुढे थकव्यातही हात आपोआप बाटलीवरील चिठ्ठी डोळ्यांसमोर धरतो. ही सवय सुटली तर काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणाच्या वेळी बारा बालकांना लसीऐवजी हात निर्जंतुक करण्याचा द्राव पाजला गेला. बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. बाटलीवरचे नाव वाचणे एवढीच ती खबरदारी होती.

लसीकरणातील इतर नियमांचेही तसेच आहे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची, बी.सी.जी. व गोवर-रुबेला यांची भुकटी द्रावणात मिसळल्यानंतर चार तासांत वापरावयाची आणि उरलेली टाकून द्यावयाची. हा नियम गावकऱ्यांना उधळपट्टीचा वाटतो. लांबच्या टोलीवरून बाळाला घेऊन आलेली माता उशिरा पोहोचली, तर बाटलीत लस दिसत असताना नर्सबाई ‘नाही’ म्हणते, याचा राग येतो. पण या लसींत जंतुनाशक घातलेले नसते. चार तासांनंतर त्यात जंतू वाढू शकतात आणि अशी लस बाळाच्या जिवावर बेतू शकते. पंचायत सदस्यांनी हे कारण ग्रामसभेत समजावून सांगितले, तर आरोग्य सेविकेचा अर्धा भार हलका होईल. लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास तेथेच थांबवून घेण्याचा आग्रहही अशाच कारणाने असतो. क्वचित येणारी तीव्र प्रतिक्रिया बहुधा लवकरच दिसून येते, आणि तेव्हा उपचार जवळ असावा लागतो.

गुप्तता : एक स्थानिक प्रश्न

परिचर्येच्या नीतिशास्त्रात दया, प्रामाणिकपणा, भेदभाव न करणे अशी अनेक तत्त्वे सांगितली जातात. त्यांपैकी गावपातळीवर सर्वांत कठीण कसोटी लागते ती गुप्ततेची. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण व वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात आणि त्यासाठी गावोगाव रक्ततपासणी केली जाते. वाहक व्यक्ती स्वतः बहुधा निरोगी असते. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून वाहक मुलामुलींना विवाहापूर्वी आपली स्थिती कळणे हिताचे. परंतु तीच गोष्ट आरोग्य सेविकेच्या तोंडून शेजारणीला कळली, तर मुलीचे जमत आलेले लग्न मोडते, आणि दोष मात्र सदैव मुलीच्याच माथी बसतो. माहिती ज्याची आहे त्याला ती स्पष्टपणे द्यावयाची आणि अन्य कोणालाही द्यावयाची नाही, मग विचारणारा सरपंच असो की होणारा सासरा. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने ही गुप्तता बंधनकारक केली आहे. गर्भपाताच्या प्रकरणीही, १९७१ च्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, स्त्रीचे नाव उघड करणे हा शिक्षापात्र अपराध आहे.

याउलट, काही प्रसंगी मौन हाच गुन्हा ठरतो. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर अवस्थेत नोंदणीसाठी आली, तर २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमान्वये त्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा होऊ शकते. येथे सेविकेची कोंडी होते. कळवावे तर कुटुंब रुग्णालयाकडे पाठ फिरवून एखाद्या भोंदूकडे जाण्याचे भय. न कळवावे तर कायद्याचा भंग. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात ही कोंडी अंशतः सोडविली. अल्पवयीन मुलीने अथवा तिच्या पालकाने विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना द्यावयाच्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ही तरतूद गावातील शिक्षकांनाही ठाऊक असावी.

जानेवारी २०२१ ची रात्र

परिचारिकेच्या कायदेशीर जबाबदारीचा विचार भंडाऱ्यात करावयाचा, तर ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेचा उल्लेख टाळता येत नाही. त्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या आजारी नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागून धुरात व ज्वाळांत दहा अर्भके मृत्युमुखी पडली. सात बालकांना वाचविण्यात यश आले. चौकशीनंतर काही वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांवर प्रशासकीय कारवाई झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन परिचारिकांविरुद्ध पोलिसांत गुन्हा दाखल करण्यात आला. दोषनिर्णय हे न्यायालयाचे काम असल्याने त्याविषयी येथे काही म्हणणे उचित नव्हे. परंतु प्रशिक्षणाच्या दृष्टीने काही गोष्टी या घटनेने ठळकपणे पुढे आणल्या. नवजात बालकांच्या कक्षात ऊब देणारी विद्युत उपकरणे रात्रंदिवस चालू असतात. हवेत प्राणवायूचे प्रमाण वाढले, तर ठिणगीचा वणवा होण्यास क्षणही पुरतो. आणि रुग्ण असे, की त्यांना उठून पळता येत नाही. म्हणून असा कक्ष क्षणभरही देखरेखीवाचून न ठेवणे, पाळी बदलताना उपकरणांच्या स्थितीसह सर्व माहिती प्रत्यक्ष खाटेजवळ सोपविणे, आणि नादुरुस्त उपकरणाची सूचना तोंडी न देता लेखी देऊन तिची पोच ठेवणे, हे परिचारिकेच्या नित्य कर्तव्यात मोडते.

या कर्तव्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. विजेची जोडणी, अग्निशमनाची व्यवस्था, एका पाळीत किती परिचारिका असाव्यात, यांपैकी कशाचाही निर्णय परिचारिकेच्या हाती नसतो. कायदा मात्र तिला तिच्या कृतीबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. वैद्यकीय प्रक्रिया करीत असताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून तसे घडल्यास मात्र ही मर्यादा दोन वर्षांची आहे. कलमाच्या स्पष्टीकरणात वैद्यक व्यावसायिकाची जी व्याख्या दिली आहे, तीत वैद्यकीय अर्हता व वैद्यकीय नोंदवहीतील नाव अभिप्रेत असल्याने परिचारिकेचा समावेश होत नाही. एकाच खाटेजवळ उभ्या असलेल्या दोघांना दोन निरनिराळी मापे लागावीत, हे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही.

अशा परिस्थितीत परिचारिकेचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे तिची स्वतःची नोंदवही. केव्हा काय पाहिले, कोणास कळविले, कोणते औषध किती वाजता दिले, हे त्याच वेळी लिहिलेले असेल तर न्यायालयात त्याला मोल येते. मागाहून लिहिलेली किंवा खोडून बदललेली नोंद उलट संशय निर्माण करते. चूक झालीच, तर एक सरळ रेघ मारून शेजारी दुरुस्ती, दिनांक व स्वाक्षरी करावयाची. मूळ मजकूर वाचता आला पाहिजे. डॉक्टरांनी दूरध्वनीवरून दिलेला आदेश त्यांना पुन्हा वाचून दाखवावा आणि नंतर त्यावर त्यांची स्वाक्षरी घ्यावी.

इतर कायदे

१९६९ च्या कायद्यान्वये, प्रसूतीस किंवा मृत्यूसमयी हजर असलेल्या प्रसाविकेवर ती घटना निबंधकास कळविण्याची जबाबदारी आहे आणि जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावयास हवी. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा करणारे राज्य महाराष्ट्र होय. तो १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे गर्भाचे लिंग सांगण्यास त्यात मनाई आहे. ‘पेढे आणा’ किंवा ‘जिलेबी आणा’ असे हसत म्हणणेही त्या मनाईत येते, हे विद्यार्थिनींना आवर्जून सांगितले जाते. परिचारिकेच्या रक्षणासाठीही कायदा आहे. वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला करणाऱ्यास २०१० च्या राज्य कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रवेशापूर्वीची चौकशी

शेवटी एका गैरप्रकाराविषयी. सहा महिन्यांत ‘नर्स’ बनविण्याची जाहिरात करणाऱ्या संस्था तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांची प्रमाणपत्रे आकर्षक असतात, शुल्क भरण्यासाठी धानाचे पैसे किंवा आईचे दागिने जातात, आणि शासकीय भरतीच्या वेळी कळते की या प्रमाणपत्रावर परिषदेची नोंदणीच मिळत नाही. रुग्णाची घरगुती शुश्रूषा शिकविणारे अल्पमुदतीचे वर्ग निरुपयोगी आहेत असे नाही. मात्र ते पूर्ण करणारी व्यक्ती शुश्रूषा सहायक होते, परिचारिका नव्हे. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ अन्वये राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल झाल्याखेरीज कोणासही परिचारिका म्हणून व्यवसाय करता येत नाही. म्हणून शिक्षकांनी विद्यार्थिनीला प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारावयास सांगाव्यात : संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे काय, प्रात्यक्षिकासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे, आणि मागील तुकडीतील मुलींची परिषदेत नोंदणी झाली आहे काय. या नोंदणीची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. विवाहानंतर नाव बदलल्यास तसा बदल परिषदेकडे वेळीच नोंदवून घ्यावा. भरतीच्या वेळी कागदपत्रांतील नावांचा मेळ न बसल्याने अडचणी येतात.