वीजपुरवठा करारांचे सातत्य

विद्युत् जाळ्याची, परवानाक्षेत्राची किंवा राज्याची सीमा बदलली असता आधीपासून अमलात असलेले वीज खरेदीचे व पुरवठ्याचे करार वैध राखण्याची कायदेशीर व तांत्रिक व्यवस्था. विजेची निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. तिच्या खरेदीचे करार मात्र पुष्कळदा पंचवीस वर्षांचे असतात. एवढ्या काळात सीमा बदलणे स्वाभाविक आहे. प्रत्येक बदलाबरोबर करार तुटू लागले, तर निर्मिती केंद्रांना भांडवल मिळणार नाही आणि ग्राहकाला पुरवठा करण्याची जबाबदारी कोणाची, हे सांगता येणार नाही.

सीमांचे प्रकार : प्रशासकीय सीमा, वितरण परवान्याची सीमा आणि एकाच वारंवारतेने चालणाऱ्या जाळ्याची सीमा या तिन्ही एकमेकींपासून भिन्न असतात. बृहन्मुंबईची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढली. परंतु तिच्याबरोबर वितरणाची क्षेत्रे बदलली नाहीत. त्यामुळे महानगरपालिकेचा ‘बेस्ट’ उपक्रम मूळ शहर बेटाला वीज पुरवितो, भांडुप–मुलुंड भागात प्रामुख्याने महावितरणचा पुरवठा आहे, तर गोवंडी, चेंबूर यांसह उर्वरित बहुतेक उपनगरे खाजगी कंपन्यांच्या परवानाक्षेत्रात मोडतात.

मुंबई उपनगरांतील उदाहरण : बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय (बीएसईएस) ही कंपनी १९२९ मध्ये स्थापन झाली. उपनगरांच्या वितरणाचा तिचा अधिकार १९२६ च्या परवान्यावर आधारलेला होता. टाटांच्या वीज कंपन्यांचे परवाने १९०७, १९१९, १९२१ व १९५३ या वर्षांचे असून त्यांची क्षेत्रे याच भूभागावर पसरलेली होती. दीर्घकाळ टाटा ही घाऊक पुरवठादार व बीएसईएस ही किरकोळ वितरक, अशी विभागणी व्यवहारात रूढ होती. ही विभागणी परवान्याने घातलेली सीमा आहे की केवळ वहिवाट, हा वाद पुढे उभा राहिला. महाराष्ट्र विद्युत् नियामक आयोगाने २००३ मध्ये टाटा कंपनीच्या लहान ग्राहकांना वीज देण्यावर निर्बंध घातले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २००८ रोजी परवान्यांच्या मूळ शब्दांचा अर्थ लावून लहान ग्राहकांनाही थेट वीज देण्याचा टाटा कंपनीचा अधिकार मान्य केला. पुढे १५ ऑक्टोबर २००९ च्या आयोगाच्या अंतरिम आदेशाने ग्राहकाला पुरवठादार बदलण्याची कार्यपद्धती ठरवून दिली.

या पद्धतीत घरापर्यंत आलेली तार एका कंपनीची, तर तीमधून येणारी वीज दुसऱ्या कंपनीची, अशी स्थिती संभवते. म्हणून पुरवठ्याचा करार आणि तारेच्या वापराचा आकार यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. गोवंडीतील एखाद्या छोट्या कारखानदाराने पुरवठादार बदलला, तरी जुनी थकबाकी नाहीशी होत नाही. त्याचप्रमाणे जुन्या कंपनीकडील अनामत रक्कम परत मागण्याचा त्याचा हक्कही बुडत नाही. ग्राहक निघून गेला, तरी कंपनीचे निर्मिती केंद्राशी झालेले खरेदी करार कायम राहतात. त्यांच्या स्थिर खर्चाचा भार उरलेल्या ग्राहकांवरच पडू नये, म्हणून खुल्या प्रवेशाच्या व्यवस्थेत अधिभाराची तरतूद आहे. हा अधिभार किती असावा, हा सीमाबदलातील सर्वांत वादग्रस्त भाग होय. कारण तो जास्त झाला तर ग्राहकाचे निवडीचे स्वातंत्र्य नाममात्र ठरते, कमी झाला तर मागे राहिलेल्यांचे दर वाढतात.

जुन्या परवान्यांची मुदत संपल्यावर २०११ व २०१४ मध्ये या दोन्ही कंपन्यांना पंचवीस वर्षांचे नवे परवाने मिळाले. २०१८ मध्ये रिलायन्सकडील उपनगरांचा वीज व्यवसाय अदानी समूहाकडे गेला. परवाना अथवा उपक्रम आयोगाच्या पूर्वसंमतीशिवाय हस्तांतरित करता येत नाही आणि तसा करार निरर्थक ठरतो, असे विद्युत् अधिनियम, २००३ च्या सतराव्या कलमात नमूद आहे. मालक बदलताना पुरवठ्याचे दायित्व निराधार राहू नये, हे अशा नियंत्रणाचे एक प्रयोजन आहे.

संस्थांचे व राज्यांचे विभाजन : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची पुनर्रचना ६ जून २००५ पासून अमलात येऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी वेगळ्या कंपन्या आणि एक सूत्रधारी कंपनी झाली. अशा वेळी हस्तांतरण योजनेद्वारे मंडळाचे हक्क व दायित्वे उत्तराधिकारी कंपन्यांकडे सोपविली जातात. आंध्र प्रदेश पुनर्रचना अधिनियम, २०१४ मध्ये निर्मिती केंद्रे भौगोलिक स्थानानुसार वाटली गेली, तरी वितरण कंपन्यांशी असलेले खरेदी करार चालू राहतील असे ठरविण्यात आले. अनंतपूर व कुर्नूल हे जिल्हे मात्र दुसऱ्या वितरण कंपनीला जोडले गेले. तथापि दोन राज्यांत थकबाकीविषयी तंटे उद्भवलेच. करार वाचविणे आणि त्यांचे पैसे वसूल होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

जाळ्याच्या सीमेतील बदल : ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्ट वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित भारताशी समकालिक झाले. यामुळे करार मोडले नाहीत. उलट वीज वाहून नेण्याचे मार्ग वाढले. याउलट १ ऑक्टोबर २०१८ रोजी जर्मनी व ऑस्ट्रिया यांचे सामाईक किंमतक्षेत्र विभागले गेले, तेव्हा सामाईक किंमतीशी बांधलेल्या जुन्या करारांना कोणती किंमत लावावी, हा प्रश्न उपस्थित झाला. वीज पोहोचविण्यात अडथळा नव्हता. करारातील आधारभूत मापच नाहीसे झाले होते.

करारातील तरतुदी : अशा अडचणी टाळण्यासाठी वीज सोपविण्याचे ठिकाण क्षेत्राच्या नावाने न देता विशिष्ट उपकेंद्राच्या व मीटरच्या निर्देशाने दिलेले चांगले. त्याशिवाय उत्तराधिकारी संस्थेचा उल्लेख, पर्यायी किंमतीचा निकष, कायद्यातील बदलाची भरपाई आणि तंटा चालू असताना पुरवठा अखंड ठेवण्याचे बंधन ही कलमे आवश्यक ठरतात. केवळ व्यवहार महाग झाला म्हणून भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या छप्पन्नाव्या कलमाखाली करार निष्फळ ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आयात कोळशाच्या दरवाढीसंबंधीच्या प्रकरणात स्पष्ट केले. नकाशावरील रेषा हलली, तरी पुरवठ्याचे दायित्व नेहमी कोणत्या तरी निश्चित संस्थेवर असणे, हे या सर्व तरतुदींमागील सूत्र आहे.